गोळी दिली, तरी पोराचे जंत जात का नाहीत?

पोर रात्री झोपेत बुड खाजवायला लागलं की "गोड बंद करा" सांगणारे चार जण हजर होतात. गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. दात खातो म्हणजे जंतच, असंही नाही. झोपून दोन-तीन तास झाले की टॉर्च लावून शीच्या जागी बघा. पांढऱ्या दोऱ्याचे तुकडे वळवळताना दिसले तर शंकाच नको.

गोळीचं काम सोपं. अल्बेंडाझोल, एक ते दोन वर्षांच्या मुलाला ४०० मिलिग्रॅमची अर्धी, दोन वर्षांपुढे अख्खी. १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाला अंगणवाडीत, शाळेत फुकट मिळते. लहानग्याला दोन चमच्यांमध्ये चुरून पाण्यातून द्या. नाक दाबून अख्खी गोळी ढकलली तर श्वासनलिकेत अडकू शकते. अंगात ताप असेल तर थांबा, वर्षाच्या आतलं बाळ डॉक्टरांकडेच न्या.

मला दमवलं ते पुढच्या कामाने. गोळी पोटातले जंत मारते, बाहेर पडलेल्या अंड्यांना काही करत नाही. मादी रात्री बाहेर येऊन अंडी घालते, तीच खाज. पोर खाजवतं, अंडी नखात, नखं तोंडात. चादरीवर ती दोन-तीन आठवडेही टिकतात. त्यात आपल्या नागपुरात उन्हाळाभर अख्खं घर एका कूलरसमोर गाद्या टाकून झोपतं! म्हणून डॉक्टरांना विचारून घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी गोळी घ्यायची आणि दोन आठवड्यांनी पुन्हा. "मला कुठे खाज येते?" म्हणणारे आजोबाही सुटत नाहीत. गरोदर बाईने मात्र डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायची नाही.

गोळीच्या दुसऱ्या दिवशी उठल्या उठल्या पोराचं बुड धुवा, चड्डी बदला. हे रोज, दुसऱ्या गोळीपर्यंत. चादरी झटकू नका, अंडी घरभर उडतात. अलगद गुंडाळून गरम पाण्यात टाका आणि गच्चीवर कडक उन्हात वाळवा. नखं बारीक कापा, रात्री घट्ट चड्डी घाला. यातलं एक जरी सुटलं की महिन्याभरात पुन्हा खाजवणं सुरू.

सांबार (कोथिंबीर)-पालक वाहत्या पाण्याखाली धुणं आणि अंगणात चप्पल हे या दोऱ्यासारख्या जंतांसाठी नाही, तर दुसऱ्या जातींसाठी: पोटातल्या मोठ्या जंतांसाठी आणि मातीतून तळपायातून शिरणाऱ्या आकडेकृमींसाठी.

उलटीतून जंत पडला, शीतून रक्त गेलं किंवा पोट फुगून पोर कळवळायला लागलं, तर घरी वावडिंग उगाळत बसू नका. सरळ दवाखाना गाठा.