कोरियात जनावरांच्या डॉक्टरकडे जाताना: लागतील तेवढे शब्द कसे शिकावेत

रात्री साडेअकराला मन्या तिसऱ्यांदा त्याच्या मातीच्या टबात जाऊन बसला आणि कोरडाच बाहेर आला. मन्या हा आमचा बोका. आम्ही कोरियातल्या सुवॉन शहरात राहायला गेल्यावर वर्षभरानं तो घरात आला. बोक्याची लघवी तुंबणं म्हणजे जिवावरचं दुखणं. एक-दोन दिवसांत खेळ संपू शकतो. त्याला पिंजऱ्यात घालून मी चोवीस तास उघडा असणारा दवाखाना गाठला. डॉक्टरांनी विचारलं, "ऑत्तॉखे ओश्यॉस्सॉयो?" शब्द ओळखीचे होते: कसे आलात? मी सांगितलं, "थेक्शिरो." टॅक्सीनं.

कोरियात दवाखान्यात हा प्रश्न असाच विचारतात. त्याचा अर्थ "काय होतंय, कशासाठी आलात?" असा असतो. तो समजेपर्यंत आणि मग मन्याला काय होतंय ते हातवाऱ्यांनी सांगेपर्यंत जो वेळ गेला, तो मी आजही विसरलेले नाही. त्याआधी सहा महिने मी कोरियन शिकत होते. भाजी घेणं, रस्ता विचारणं, जेवण मागवणं, सगळं येत होतं. आजारी जनावराबद्दल मात्र एक वाक्य धड येत नव्हतं. रांजणगाव, तळेगावच्या कोरियन कंपन्यांतून तिकडे जाणारे आणि शिकायला जाणारे मराठी लोक आता बरेच आहेत. त्यातल्या ज्यांच्या घरी कुत्रं-मांजर आहे, त्यांनी ही तयारी जनावर ठणठणीत असतानाच करावी.

पहिली पायरी: कान आणि जीभ

या लेखातले सगळे उच्चार देवनागरीत दिले आहेत, पण कोरियन लिपी जरूर शिका. राजा सेजोंगनं १४४६ मध्ये जाहीर केलेली ही लिपी आज २४ मूलभूत अक्षरांची आहे आणि आठवडाभरात वाचता येते. औषधाच्या पुडीवर सहसा दुसरी कुठली लिपी नसते.

मराठी माणसाला इथे एक मोठी सोय आहे. ख, छ, थ, फ हे कोरियन हकार आपल्या तोंडात आधीपासूनच आहेत. फक्त फ म्हणताना ओठ पूर्ण मिटायचे, "फळ" जुनी माणसं म्हणतात तसा. च आणि ज "चार" आणि "जीव" यांतले घ्या. "चाक" आणि "जाळं" यांतले नकोत. आणि शाळेत क ख ग घ नंतर पाठ केलेला ङ, जो पुढे कधीच कामाला आला नाही, तो इथे रोज लागतो. कुत्र्याला म्हणायचं काङआजी. खरं तर हा पिल्लाचा शब्द, पण लाडानं सगळ्याच कुत्र्यांना वापरतात. यात "ग" अजिबात ऐकू येता कामा नये. मांजर म्हणजे कोयाङइ. लेखात "ऑ" लिहिलंय तिथे "ऑफिस"मधला ऑ म्हणा.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवली की पुढचा गोंधळ टळतो. शब्दाच्या सुरुवातीला किंवा शेवटी क, त, प, च अशी ऐकू येणारी अक्षरं दोन स्वरांच्या मध्ये आली की ग, द, ब, ज होतात. जेवण म्हणजे पाप, पण "जेवण खात नाही" म्हणताना पाबुल. शब्द तोच असतो.

दुसरी पायरी: दवाखाना आणि नावनोंदणी

जनावरांचा दवाखाना म्हणजे तोङमुल ब्यॉङवॉन. तोङमुल म्हणजे प्राणी, ब्यॉङवॉन म्हणजे दवाखाना. पाटीवर "२४" आणि पुढे "शि" असेल तर तो रात्रभर उघडा. त्याला इशिप्सा-शि म्हणतात. घराजवळचा असा एक दवाखाना आजच नकाशात शोधून ठेवा. निघताना फोन करून विचारा: चिगुम कादो द्वेयो? म्हणजे आत्ता आलं तर चालेल का?

काउंटरवर नावनोंदणीला चॉप्सु म्हणतात. तिथे तुम्हाला "मालक" म्हणणार नाहीत. तुम्ही पोहोजा, म्हणजे सांभाळ करणारे, पालक. माणसांच्या दवाखान्यात रुग्णाच्या नातेवाइकांनाही हाच शब्द वापरतात. जनावराला आइ म्हणतात, म्हणजे मूल. नर असेल तर नामा, मादी असेल तर यॉआ. नंबर आला की "मन्या बोहोजानिम!" अशी हाक येते. आपल्या नावाची वाट बघत बसलात तर हाक निघून जाईल. डॉक्टरांना सॉन्सेङनिम म्हणायचं, आपण शिक्षकांना सर म्हणतो त्या आदरानं.

तिसरी पायरी: एक छोटं कार्ड

वहीच्या पानावर किंवा फोनमध्ये पाच गोष्टी कोरियनमध्ये लिहून ठेवा: नाव, वय, वजन, नसबंदी झाली आहे का, लसी कधी दिल्या. नसबंदी म्हणजे चुङसॉङह्वा, लसीकरण म्हणजे येबाङजॉप्चोङ, वजन म्हणजे मोम्मुगे. रेबीजचा शब्द क्वाङग्यॉन्ब्यॉङ. वेडा, कुत्रा आणि रोग या तिघांचा तो जोडशब्द. तुकडे कळले की लक्षात राहतो. कोरियात डासांमुळे होणाऱ्या हृदयातल्या जंतांची काळजी फार घेतात. त्याला शिमजाङ सासाङछुङ म्हणतात आणि त्याचं औषध दर महिन्याला देता का, हे हमखास विचारतात.

दोन महिन्यांवरच्या पाळीव कुत्र्याची सरकारी नोंदणी कायद्यानं करावीच लागते. तो शब्द तोङमुल तुङनोक. भारतातून कुत्रं-मांजर सोबत नेलं असेल तर मायक्रोचिप आणि रेबीजच्या प्रतिपिंडांच्या तपासणीचे कागद तुमच्याकडे असतीलच. तेही या कार्डासोबत ठेवा.

चौथी पायरी: काय होतंय ते सांगणं

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. पन्नास लक्षणं पाठ करू नका. दहा घ्या, पण झोपेतून उठवलं तरी म्हणता यायला हवीत.

पाबुल आन मॉगॉयो: जेवत नाही.
थोहेस्सॉयो: उलटी केली.
सॉल्साहेयो: जुलाब होताहेत.
किछिमहेयो: खोकतोय.
किउनी ऑप्सॉयो: अंगात त्राण नाही.
तारिरुल चॉरॉयो: पाय लंगडतोय.
फिगा नायो: रक्त येतंय.
कार्यॉवॉहेयो: खाजवतंय त्याला.
सुमुल चाल मोत श्विऑयो: श्वास नीट घेता येत नाही.
सोब्यॉनुल मोत प्वायो: लघवी होत नाही.

शेवटच्या दोन वाक्यांतला मोत आणि पहिल्या वाक्यातला आन यांच्याकडे नीट बघा. दोन्ही नकारच आहेत, पण आन म्हणजे "करत नाही" आणि मोत म्हणजे "करता येत नाही". आपल्याकडे "खात नाही" आणि "खाववत नाही" यात जो फरक आहे, तोच. कुत्रं ताटलीकडे बघून तोंड फिरवत असेल तर आन मॉगॉयो. ताटलीपाशी येतं, तोंड लावतं आणि कळवळून मागे सरतं, तर मोन मॉगॉयो (पुढे म आल्यामुळे मोतचं मोन होतं). पहिलं ऐकून डॉक्टर पोटाचा विचार करतील, दुसरं ऐकून आधी दात आणि घसा बघतील. एका अक्षरानं तपासणीची दिशा बदलते. म्हणून ही जोडी मी सगळ्यांना आधी शिकवते.

वाक्यरचनेची भीती बाळगू नका. कोरियनमध्ये क्रियापद मराठीसारखंच शेवटी येतं आणि प्रत्यय नामाला मागून चिकटतात. "कालपासून" म्हणजे ऑजेबुथॉ: ऑजे काल, बुथॉ पासून. "आज सकाळपासून" म्हणजे ओनुल आछिमबुथॉ. ते लक्षणाच्या आधी ठेवलं की वाक्य तयार: ऑजेबुथॉ पाबुल आन मॉगॉयो. मराठीत मनात वाक्य जुळवायचं आणि त्याच क्रमानं बोलायचं.

शब्द अपुरे पडतील तिथे व्हिडिओ कामाला येतो. खोकला, लंगडणं, झटका, जे दिसेल ते घरीच फोनवर टिपा आणि म्हणा: तोङयॉङसाङ इस्सॉयो, व्हिडिओ आहे. दुखरी जागा बोटानं दाखवून यॉगिगा आफायो, इथे दुखतंय.

विषारी काही पोटात गेलं असेल तर पदार्थाचं नाव सगळ्यात आधी सांगा. कुत्र्यांना घातक असतात चॉकलेट (छोखोल्लित), द्राक्षं (फोदो), कांदा (याङफा) आणि साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल (चाइल्लिथोल). मांजरांना लिलीची फुलं (पेखाप) आणि पॅरासिटामॉल. या गोळीला तिथे सर्रास थाइरेनोल म्हणतात. पदार्थाच्या पुढे मॉगॉस्सॉयो जोडा: फोदो मॉगॉस्सॉयो, द्राक्षं खाल्ली. किती वेळ झाला ते सांगायला हान शिगान जॉने, तासाभरापूर्वी. पाकीट किंवा उरलेला तुकडा सोबत न्या.

पाचवी पायरी: प्रश्न ओळखणं

आपलं बोलून झाल्यावर डॉक्टर भराभर विचारतात आणि तिथेच बहुतेकांची गाडी अडते. पण प्रश्न ठरलेले असतात. ऑन्जेबुथॉ कुरेस्सॉयो? कधीपासून असं होतंय? म्यॉत पॉन थोहेस्सॉयो? किती वेळा उलटी झाली? म्यॉत सारिएयो? वय किती? मुरुन माश्यॉयो? पाणी पितो का? आणि अर्थात तो पहिला, ऑत्तॉखे ओश्यॉस्सॉयो.

हे प्रश्न मित्राकडून किंवा भाषांतराच्या ॲपकडून नेहमीच्या वेगात ऐका. संथ ऐकून उपयोग नाही, कारण रात्री दोन वाजता कुणी संथ बोलत नाही. तरीही कळलं नाही तर दोन वाक्यं ठेवा: छॉन्छॉन्ही माल्सुमहे जुसेयो, सावकाश सांगा. चॉगॉ जुसेयो, लिहून द्या. लिहून मागण्यात संकोच करू नका.

सहावी पायरी: आकडे

कोरियनमध्ये आकड्यांच्या दोन माळा आहेत आणि दवाखान्यात दोन्ही लागतात. वय, "किती वेळा" आणि घड्याळाचे तास अस्सल कोरियन आकड्यांत: हान, तु, से, ने. वजन, पैसे आणि मिनिटं चिनी वळणाच्या आकड्यांत: इल, इ, साम, सा, ओ. म्हणून चार वर्षांचा म्हणजे ने सारिएयो, पण साडेचार किलो म्हणजे सा जॉम ओ खिल्लो.

खरा सापळा दिवसांचा आहे. एक दिवस हारु, दोन इथुल, तीन साहुल, चार नाहुल. "सा" म्हणजे चार हे डोक्यात पक्कं असल्यानं साहुल ऐकून चार दिवस वाटतात. ते तीनच असतात. जुलै २०२० मध्ये तीन दिवसांच्या सुट्टीच्या बातमीत हा शब्द आला, तेव्हा खुद्द कोरियन लोकांचाही गोंधळ उडाला होता. औषध किती दिवस द्यायचं ते कॅलेंडरवर बोट ठेवून पक्कं करून घ्या.

तपासणी आणि पैसे

रक्ततपासणी फिगॉम्सा, सोनोग्राफी छोउम्फा, क्ष-किरण एक्सुरेइ, भूल माछ्वी, शस्त्रक्रिया सुसुल, दाखल करणं इब्वॉन. मोठ्या शस्त्रक्रियेआधी समजावून सांगून लेखी संमती घेणं २०२२ पासून कायद्यानं बंधनकारक आहे. त्या कागदाला तोङइसॉ म्हणतात. सही करण्याआधी विचारा: पियोङइ ऑल्माना नावायो? खर्च किती येईल? ५ जानेवारी २०२४ पासून लहानमोठ्या सगळ्या दवाखान्यांना ठरावीक सेवांचे दर जाहीर लावावे लागतात, तेव्हा हे विचारण्यात काही गैर नाही.

औषधाची पुडी

जनावरांचं औषध बहुतेक वेळा दवाखान्यातच कुटून, एकेका वेळेच्या छोट्या पुड्यांची माळ करून देतात. पावडर म्हणजे कारुयाक, गोळी आल्ल्याक, पातळ औषध मुल्ल्याक. मांजराला पावडर चारणं किती अवघड ते सांभाळणाऱ्यालाच ठाऊक, म्हणून हे तीन शब्द आधीच येऊ द्या आणि हवा तो प्रकार मागून घ्या. सूचना अशी येते: हारु तु बॉन, आछिम चॉन्यॉगुरो मॉगिसेयो. दिवसातून दोनदा, सकाळ-संध्याकाळ खायला घाला.

सराव जनावर धडधाकट असताना करा. नखं कापायला घेऊन जा, पाल्थोप काक्का जुसेयो म्हणा. नोंदणी, हाक, वजन, पैसे, सगळं एकदा शांतपणे होऊन जातं आणि दवाखान्याची माणसंही ओळखीची होतात.

मन्या चार दिवस दाखल होता. घरी आणल्याच्या दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून फोन आला: मन्या ऑत्तेयो? कसा आहे? तोपर्यंत उत्तर मी तयार ठेवलं होतं. सोब्यॉन चाल प्वायो, लघवी नीट होतेय. पाप चाल मॉगॉयो, छान जेवतोय.