लांब रजेनंतरचा एपीएआर कसा भरायचा

केंद्र सरकारच्या कचेरीत पगार आपोआप वाढतो, असं बाहेरच्यांना वाटतं. वर्षाचं तीन टक्के इन्क्रिमेंट मिळतं, ते खरं. पण बढती नसली तरी दहा, वीस, तीस वर्षांनी मिळणारी एमएसीपी योजनेची वरची पगाराची लेव्हल एपीएआरपाशी, म्हणजे साहेब दरवर्षी लिहितात त्या कामाच्या मूल्यमापन अहवालापाशी, अडते. 2016 पासून तिथे ‘गुड’ चालत नाही, ‘व्हेरी गुड’ हवं. म्हणजे दहापैकी निदान सहा.

मला एका वर्षी 5.6 मिळाले. 180 दिवसांची बाळंतपणाची रजा संपवून आले, उरलेल्या सहा महिन्यांत पेन्शनच्या फायली उपसल्या, आणि शेरा काय? ‘दीर्घ रजेवर होत्या.’ अर्धी चूक माझीही. स्वमूल्यमापनात, म्हणजे अहवालातल्या आपण भरायच्या भागात, मी लिहिलं होतं, ‘नेमून दिलेलं काम वेळेत पूर्ण केलं.’ यातून साहेबांना काय कळणार, कपाळ?

तेव्हापासून दर महिनाअखेरीला वहीत आकडे लिहिते. स्वमूल्यमापन 15 एप्रिलपर्यंत द्यायचं असतं, तेव्हा ती वही उघडायची. असं लिहा: ‘हजर कालावधी 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. सेवापुस्तकं तपासली 212. पेन्शन प्रकरणं पाठवली 19, त्रुटीसाठी परत आलं 1.’ ते परत आलेलं लपवू नका, त्यामुळेच बाकीचे अठरा खरे वाटतात. रजेची नोंद आस्थापना शाखा पहिल्या भागात करते, तेवढी तपासा. आपल्या भागात रजेची सफाई देत बसू नका.

शेजारच्या टेबलावरच्या अंध सहकाऱ्याला स्क्रीन रीडर (पडद्यावरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) चार महिने मिळाला नाही, आणि थकलेलं काम मात्र त्याच्या नावावर. अशी सोय देणं 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने कचेरीवर बंधनकारक आहे. मागणी अर्जाची तारीख अडचणींच्या रकान्यात घालायला मी त्याला सांगितलं.

तरीही गुण कमी आले तर? अहवाल दाखवावाच लागतो. ‘गुड’सुद्धा कळवायला हवं, हे सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये देवदत्त प्रकरणात सांगितलं. हातात आल्यापासून 15 दिवसांत रिप्रेझेंटेशन, म्हणजे गुणांविरुद्धचा लेखी अर्ज, द्या. कामाला 40 टक्के वजन असतं, वैयक्तिक गुण आणि कार्यक्षमतेला 30-30. कुठल्या भागात, कुठल्या मुद्द्यावर कापले, तेवढंच धरा. ‘लहान मूल आहे हो’ हे वाक्य नको. आवकमध्ये शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय हलू नका.

त्या अर्जाला मी पानभर तक्ता जोडला होता, महिनावार. 5.6 चे 6.3 झाले.