गव्हाचा ब्रेड मऊ हवा असेल, तर आधी खळ शिजवा

कोल्हापुरी मिसळीला स्लाइस ब्रेड लागतो. तो घरी निव्वळ गव्हाच्या पिठाचा केला, तर दुसऱ्या दिवशी कटात बुडवण्याआधीच त्याचा भुगा होतो. दोष कोंड्याचा. कोंडा पाणी ओढून घेतो आणि पिठाला चिवटपणा देणाऱ्या ग्लुटेनचे धागे तोडतो. थोडं पीठ आधी पाण्यात शिजवलं, की त्यातला स्टार्च फुगतो आणि भाजल्यावरही पाणी धरून ठेवतो. कागद चिकटवायला करतो तशीच ही खळ.

लोकवन गहू गिरणीतून बारीक दळून आणा. खपली चवीला छान, पण तिचं ग्लुटेन कमजोर, ब्रेड बसतो.

25 ग्रॅम पीठ 125 ग्रॅम थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवा आणि मंद आचेवर सतत ढवळा. साधारण 65 अंशांना ती दाटते; चमच्याची रेघ तळाशी क्षणभर टिकली की उतरवा. उकळू देऊ नका. झाकून पूर्ण कोमट होऊ द्या, गरम खळीत यीस्ट मरतं.

25 ग्रॅम गूळ 180 ग्रॅम कोमट पाण्यात विरघळवून गाळा. त्यात खळ, 375 ग्रॅम पीठ, 5 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट आणि 7 ग्रॅम मीठ कालवून अर्धा तास झाका. तेवढ्यात कोंडा भिजतो. मग 25 ग्रॅम लोणी घालून दहा-बारा मिनिटं तिंबा. पीठ चपातीच्या कणकेपेक्षा सैल आणि चिकट राहतं. इथेच हात कोरड्या पिठाकडे जातो आणि सगळी मेहनत वाया जाते! हाताला तेल लावा, पीठ नको.

दीडपट फुगायला तास-सव्वा तास लागतो, एप्रिल-मे महिन्यांत त्याहून कमी. गुंडाळी करून 9 बाय 4 इंचांच्या, तेल लावलेल्या टिनमध्ये ठेवा. कडेपर्यंत आल्यावर बोटाने दाबून बघा. खड्डा हळूहळू भरला तर ओव्हनमध्ये घाला. भरलाच नाही तर वेळ टळली, ब्रेड मधोमध खचेल.

आधी तापवलेल्या ओव्हनमध्ये 180 अंशांवर 35 ते 40 मिनिटं. पाणी जास्त असल्याने वरून लाल दिसला तरी आत कच्चा असू शकतो. थर्मामीटर असेल तर मध्यभागी 93 ते 95 अंश हवेत. टिनमधून लगेच काढून जाळीवर ठेवा आणि दोन तास सुरी लावू नका, गरम कापला की आतून गिच्च निघतो. पुरता गार होऊनही गिच्चच वाटला, तर खळ जास्त शिजून आटली का हे नव्हे, भाजणं कमी पडलं का हे आधी तपासा. पुढच्या वेळी पाच मिनिटं वाढवा.