कोकण किनाऱ्याने गाडी घेऊन निघताय? या चुका टाळा

हरिहरेश्वर ते गणपतीपुळे हा प्रवास बहुतेक जण किलोमीटरवर मोजतात, आणि तिथेच गणित चुकतं. किनाऱ्याने जायचं तर खाड्या आडव्या येतात. बागमांडला-वेसवी, दाभोळ-धोपावे, तवसाळ-जयगड, तिन्ही ठिकाणी गाडी फेरीबोटीत चढवायची. सुट्टीच्या दिवशी धक्क्यावर रांग लागते ती वेगळीच. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या दिवशी फोन करून विचारून ठेवा. ती चुकली तर अंधारात खाडीला लांबचा वळसा.

दुसरी चूक म्हणजे भरती-ओहोटी न बघता निघणं. हेदवीची बामणघळ ही काळ्या कातळातली अरुंद भेग. भरतीचं पाणी आत घुसतं, कोंडतं आणि धाडकन वर उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग बघून परत याल. भरतीलाही कडेला उभे राहू नका, कातळ शेवाळाने निसरडा असतो. हरिहरेश्वरला याच्या उलट. तिथली प्रदक्षिणेची वाट समुद्रालगतच्या खडकांवरून जाते, ती ओहोटीलाच करायची. लाटेने माणसं ओढून नेल्याच्या घटना तिथे घडल्या आहेत.

भरतीच्या वेळेचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला (पौर्णिमा, अमावस्या म्हणजे पंधरा) पाऊणने गुणा. अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला आणि अमावस्येला सव्वाअकराला; दिवसा एकदा, रात्री एकदा. त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. हा ढोबळ अंदाज झाला. प्रदक्षिणेला उतरण्याआधी गावातल्या माणसाला विचाराच.

वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बघायला साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल या काळात गर्दी होते. इथली चूक एकच, पण सगळे करतात: एक संध्याकाळ हाताशी ठेवून येतात आणि पिल्लं दिसली नाहीत की कासवं जपणाऱ्या कार्यकर्त्यांशी हुज्जत घालतात. अंडी उबायला दीड-दोन महिने लागतात. घरट्यावरची टोपली सकाळ-संध्याकाळ उचलून बघतात. वर आली असतील तर पिल्लं, नाहीतर नुसती वाळू. म्हणून गावात घरगुती मुक्काम करा, दोन संधी मिळतात. (जेवणही चांगलं मिळतं.) फ्लॅश आणि टॉर्च बंद ठेवा, पिल्लं उजेडाकडे वळतात आणि समुद्राची दिशा चुकते. दोरीच्या पलीकडे पाय टाकू नका, तुमच्या पावलाचा खड्डा त्यांना ओलांडवत नाही.

आणि गाडी पुळणीवर नेऊ नका. रीलसाठी तर नाहीच. खेकड्यांनी वाळूच्या बारीक गोळ्यांची नक्षी घातलेली असते, तिच्यावरून टायर फिरवायची हौस मला कधी कळली नाही. तरी रुतलीच, तर आधी माणसं उतरवा आणि ॲक्सिलरेटर सोडा. रेस केली की चाक आणखी खाली जातं. टायरमधली थोडी हवा काढा, चाकापुढची वाळू उपसा, खाली माडाच्या झावळ्या घाला आणि हळू बाहेर काढा. पाणी चढत असेल तर हे प्रयोग सोडून सरळ ट्रॅक्टर बोलवा. बाहेर निघाल्यावर टायरमध्ये हवा भरा आणि गाडी खालून गोड्या पाण्याने धुऊन घ्या, नाहीतर पत्रा गंजतो.