डीअँडडीत हातात शस्त्र नसेल तर लढायचं कसं

डीअँडडी म्हणजे डंजन्स अँड ड्रॅगन्स, फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम. समजा तुमची पार्टी (खेळाडूंच्या पात्रांचा गट) सरायखान्यात जेवायला बसलीये, शस्त्रं दारातच काढून घेतलीत आणि तेवढ्यात राडा सुरू झाला. फायटरकडे (लढवय्या पात्राकडे) फक्त दोन हात. नवीन प्लेयर अशा वेळी डीएमच्या (खेळ चालवणाऱ्या डंजन मास्टरच्या) तोंडाकडे बघत बसतो, पण खरं तर नियम एकदम सोपा आहे.

पाचव्या एडिशनमध्ये (२०१४ चे नियम धरून सांगतोय) बुक्की, लाथ, कोपर, डोक्याने धडक हे सगळं अनआर्म्ड स्ट्राइकमध्येच येतं. डी२० (वीस बाजूंचा फासा) टाकायचा, त्यात स्ट्रेंग्थ मॉडिफायर (ताकदीच्या आकड्यावरून मिळणारी भर) आणि प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलप्रमाणे मिळणारी सरावाची भर) मिळवायचा, आणि हा बोनस सगळ्यांना मिळतो बरं का, अगदी विझार्डलासुद्धा. बेरीज समोरच्याच्या एसीएवढी (आर्मर क्लास, म्हणजे फटका लागायला गाठायचा आकडा) किंवा जास्त आली की फटका लागला. डॅमेज १ अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर, बास.

म्हणजे पहिल्या लेव्हलचा फायटर, स्ट्रेंग्थ १६, तर अटॅकला +५ (मॉडिफायर ३, प्रोफिशियन्सी २). गॉब्लिनचा एसी १५, म्हणजे डी२० वर १० किंवा वर पडलं की लागलं आणि डॅमेज ४. गॉब्लिनचे हिट पॉइंट (जीव) ७, दोन बुक्क्यांत आडवा. पण २० पडला तरी ४ च, कारण क्रिटिकलला डॅमेजचे फासे डबल होतात आणि इथे फासाच नाहीये. रोग (Rogue, चोरपावलांनी लढणारं पात्र) याचा स्नीक अटॅकही बुक्कीला लागत नाही, त्याला ठराविक शस्त्रच हवं.

म्हणूनच माझं म्हणणं असं की रिकाम्या हाताची खरी ताकद डॅमेजमध्ये नाहीच, ती पकडीत आहे. एका अटॅकच्या बदल्यात तुम्ही ग्रॅपल (धरून ठेवणं) किंवा शव्ह (ढकलणं) करू शकता. दोन्हीकडून फासे पडतात, तुमचं ॲथलेटिक्स विरुद्ध त्याचं ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स, जे त्याला बरं वाटेल ते. ग्रॅपल जमला की त्याचा स्पीड शून्य. शव्ह जमला तर तो खाली पडतो नाहीतर ५ फूट मागे जातो. समोरचा तुमच्यापेक्षा फार तर एक साइज मोठा चालतो, म्हणजे माणसाने ओगरला धरावं, जायंटच्या नादी लागू नये. ग्रॅपलला एक हात मोकळा लागतो, ढाल असेल तर आधी तिचा विचार करा.

आता दोन्ही एकत्र करा. खाली पडलेल्याला उठायला निम्मा स्पीड खर्च करावा लागतो, आणि धरलेल्याचा स्पीड शून्य, मग उठणार कसा? तो तिथेच पडून राहतो आणि ५ फुटांच्या आत उभ्या तुमच्या सगळ्या मित्रांना त्याच्यावर ॲडव्हांटेज (दोन डी२० टाकून मोठा आकडा घ्यायचा). सुटायचं तर त्याला स्वतःची ॲक्शन घालवून पुन्हा झटापट करावी लागते. पाचव्या लेव्हलला फायटरला दोन अटॅक मिळतात तेव्हा हे एकाच टर्नमध्ये होतं, त्याआधी एरवी दोन टर्न लागतात आणि तेव्हा आधी ग्रॅपलच करा, कारण आधी पाडलंत तर तो मधल्या टर्नला उठून बसतो. आणि धनुष्यवाल्या मित्राला सांगून ठेवा, लांबून पडलेल्यावर बाण मारला तर डिसॲडव्हांटेज (दोनातला छोटा आकडा) लागतो, त्याने दुसरं टार्गेट बघावं.

बुक्क्यांवरच कॅरेक्टर चालवायचं असेल तर मंक घ्या, पहिल्या लेव्हललाच डी४ डॅमेज, डेक्स्टेरिटी वापरता येते आणि बोनस ॲक्शनला अजून एक फटका. फायटरलाच मारामारी करायची असेल तर अनआर्म्ड फायटिंग स्टाइल, डी६, आणि हातात शस्त्र ढाल काहीच नसेल तर डी८.

तुमच्या टेबलवर २०२४ चे नियम असतील तर एक मोठा फरक आहे, ग्रॅपल आणि शव्हला तुम्ही फासा टाकतच नाही. डीसी (समोरच्याने गाठायचा आकडा) असतो, ८ अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर अधिक प्रोफिशियन्सी, आणि समोरचा स्ट्रेंग्थ किंवा डेक्स्टेरिटीचा सेव्ह (बचावाचा फासा) टाकतो. वरच्या फायटरचा डीसी होतो १३. हा आकडा शीटवर अटॅकच्या खालीच लिहून ठेवा, ऐन लढाईत बेरीज करत बसायला लागत नाही.