कोल्हापुरात उपनगर बघताय? आधी विचारा, पाणी येतं का

गेल्या महिन्यात दाजींचा फोन आला. पुण्यात वीस वर्षं झाली, आता बास, कोल्हापूरला परत यायचंय, तू गावातलाच आहेस तर सांग कुठल्या साईडला घेऊ म्हणाले. मी म्हटलं आधी एक प्रश्न पाठ करा, पाणी येतं का. तर म्हणाले हो हो, नळाचं विचारतोच मी. म्हटलं तसं नाही दाजी, कोल्हापुरात हा प्रश्न दोनदा विचारायचा असतो, एकदा नळाचं आणि एकदा पुराचं, आणि एजंट नेमकं तुम्ही न विचारलेल्याचं उत्तर देऊन मोकळा होतो. मग तासभर बोललो, त्यातलंच जरा इस्कटून इथं लिहितोय, अजून कुणी घर बघत असेल तर कामाला येईल.

आधी माझंच सांगतो म्हणजे पटेल. २०१८ च्या डिसेंबरात आम्ही फ्लॅट भाड्यानं घेतला, आईचे गुडघे गेलेले म्हणून मुद्दाम ग्राउंड फ्लोअर. पंचगंगा नदी तिथनं चांगली लांब, एजंट म्हणाला इथं पुराचं पाणी येतच नाही, नदी कुठं आपण कुठं. आणि खरं सांगायचं तर नदी आलीच नाही, आला तो नाला. नदी फुगली की जयंती नाल्याचं पाणी पुढं नदीत जाऊ शकत नाही, ते मागं सरकतं आणि गावात घुसतं, हे मला कोल्हापुरात जन्मून पण त्या दिवशी कळलं. ऑगस्ट २०१९, सकाळी सहाला बाथरूमच्या जाळीतनं पाणी वर यायला लागलं, मला वाटलं वरच्यांचा पाईप फुटला, वर जाऊन भांडून पण आलो. दुपारी गाद्या डायनिंग टेबलवर, संध्याकाळी आम्ही सगळे राजारामपुरीत आत्याकडं. पाणी उतरल्यावर भिंतीवर कमरेएवढ्या उंचीवर चॉकलेटी रेघ राहिली, मालकानं दोनदा रंग मारला तरी पाऊस सुरू झाला की ओल धरून परत दिसायची.

तर पुराचं कसं बघायचं. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी आपल्याकडं सगळ्यांना पाठ असते, ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ आणि २०२१ ला दोन्ही वेळा पाणी ५५ च्या वर गेलं. म्हणजे "४३ ला पण आमच्या गल्लीत थेंब नव्हता" असं कुणी छाती ठोकून सांगितलं तर त्याला काय अर्थ नाही, ५५ ला काय होतं ते विचारायचं. नकाशावर दोन पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, तिच्या आत बांधकामाला बंदी. लाल म्हणजे १०० वर्षांतनं एकदाची, निळी ते लाल या पट्ट्यात अटी घालून परवानगी मिळते. आता शंभर वर्षांतनं एकदा म्हटलं की माणूस म्हणतो आपलं आयुष्य निघालं, पण दोन वर्षांत दोनदा पाणी बघितलेल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत जाऊन हे बोलून बघा. सर्व्हे नंबर घेऊन नगररचना विभागात जायचं आणि आपला प्लॉट कुठल्या रेषेत येतो ते लेखी घ्यायचं, तोंडी नको.

पण कागदापेक्षा माझा भरवसा माणसांवर जास्त. गल्लीतला इस्त्रीवाला, किराणावाला, दूध टाकणारा, यांना "इथं पूर येतो का" असं विचारू नका, कारण स्वतःच्या गल्लीचा रेट पडेल असं कोण बोलेल. "२०१९ ला तुम्ही कुठं होता?" असं विचारा. जो घरी होता तो म्हणतो घरीच की. ज्याच्या घरात पाणी आलं होतं तो मात्र सुरू होतो, मुलीच्या शाळेत होतो आठ दिवस, अमकं वाहून गेलं, तमकं भिजलं, अर्धा तास सोडत नाही. अजून एक, लाईटचे मीटर बघा. आमच्या बिल्डिंगमध्ये पुरानंतर सगळे मीटर उचलून डोक्याच्या वर नेले. अख्ख्या गल्लीत मीटर असे टांगलेले दिसले तर गाडीवरनं उतरू पण नका.

आणि घर कोरडं राहिलं म्हणजे सुटलो असं पण नाही. मोठ्या पुरात शिरोलीजवळ पुणे-बेंगलोर हायवेच बंद होतो. रेडेडोह फुटला, म्हणजे नदीचं पाणी तिथनं पात्राबाहेर पडलं, की आंबेवाडी, चिखलीकडची वाट बंद, रत्नागिरी रोड बंद, तिकडं बालिंगा पुलावरची वाहतूक थांबवतात. २०१९ ला गावात पेट्रोल मिळत नव्हतं, दुधाची पण बोंब. म्हणून नोकरी शिरोली एमआयडीसीत आणि घर फुलेवाडीच्या पलीकडं असं असेल तर पावसाळ्यात तुमच्या मधे नदी असते हे लक्षात ठेवा. रोज नाही, पण ज्या दिवशी असते त्या दिवशी सुट्टी टाकण्याशिवाय पर्याय नाही.

आता दुसरं पाणी, नळाचं. इथं खरी गंमत आहे, कारण पुराला घाबरून माणूस चढाला पळतो, पाचगाव, मोरेवाडी, आर. के. नगर, हा सगळा माळ. तिथं पूर यायचा प्रश्नच नाही. पण जिथं नदी चढत नाही तिथं नळाचं पाणी पण लवकर चढत नाही. महापालिकेच्या हद्दीत आता काळम्मावाडी धरणातनं येणाऱ्या थेट पाईपलाईनचं पाणी आहे, २०२३ ला सुरू झाली, तरी पंप बंद पडला, पाईप फुटला की दोन दिवस टँकर. आधी सगळी मदार बालिंगा, शिंगणापूरच्या उपशावर होती आणि महापुरात ते पंपच पाण्यात जायचे, म्हणजे बाहेर छातीएवढं पाणी आणि आत नळ कोरडा. हद्दीबाहेर गेलात की ग्रामपंचायतीची योजना नाहीतर प्रादेशिक योजना, आणि वाढती वस्ती बघता ती कुठं कुठं पुरी पडणार. पाचगावचा पाण्याचा त्रास जुना आहे, तिथल्या पाहुण्यांकडं उन्हाळ्यात मुक्कामाला जाताना आपण स्वतःच जरा विचार करतो.

हे पण एजंटला विचारायचं नाही, वर बघायचं. गच्चीवरच्या टाक्या मोजायच्या. चार माणसांच्या घरावर हजार लिटरची एक टाकी दिसली तर निवांत, तीन दिसल्या तर समजून जा. मग एखाद्या वहिनींना किंवा काकूंना विचारा, पुरुषांना नको, त्यांना माहीत नसतं (मला पण लग्नाआधी माहीत नव्हतं). किती दिवसाआड येतं, किती वाजता, किती वेळ, आणि मोटर लावल्याशिवाय येतं का, एवढे चार प्रश्न. "येतं की, पहाटे साडेतीनला" असं उत्तर मिळालं तर ते पण उत्तरच आहे, फक्त घरात कोण उठणार ते आधी ठरवून घ्या. बोअर आहे असं सांगितलं तर त्या बोअरचं पाणी मे महिन्यात टिकतं का ते विचारा, आणि बाथरूमचा नळ बघा, तोंडाशी पांढरा थर बसला असेल तर पाणी जड आहे, गिझरची कॉईल आणि डोक्यावरचे केस दोन्ही जाणार.

म्हणून माझं म्हणणं एकच आहे, जानेवारीत घर बघायचं नाही. जानेवारीत कोल्हापुरात सगळंच छान दिसतं, हवा छान, ऊस उभा, नळाला पाणी. एकदा जुलै-ऑगस्टमध्ये भर पावसात जायचं आणि एकदा एप्रिल संपताना. एवढं थांबायला वेळ नसेल तर त्याच भागात आधी वर्षभर भाड्यानं राहा, जून ते जून. सासरे म्हणतील भाडं फुकट जातंय. जाऊ दे.

हद्दीचं थोडक्यात. महापालिका झाली १९७२ ला आणि हद्दवाढीच्या गप्पा आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून ऐकतोय. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी, सरनोबतवाडी ही सगळी आपण उपनगरं म्हणून बोलतो, पण ती ग्रामपंचायतीची गावं. २०१७ ला आजूबाजूच्या ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण केलंय, त्यामुळं तिथं बांधकामाची परवानगी कुणाची आहे, प्राधिकरणाची का नुसता ग्रामपंचायतीचा दाखला दाखवून वेळ मारून नेताय, हे बघावं लागतं, कारण बँक लोनला तिथंच अडवते. ग्रामपंचायतीत घरफाळा कमी हे खरं. पण ड्रेनेज लाईन बऱ्याच कॉलन्यांत नाही, सेप्टिक टँक आहे, तो भरला की गाडी बोलवायचा खर्च तुमचा. रात्री दहाला एक चक्कर मारा, किती दिवे चालू आहेत आणि किती कुत्री मागं लागतात त्यावरनं ग्रामपंचायत कशी चालते ते कळतं.

कागदाचं वकिलाकडनंच करून घ्या, मी वकील नाही. फक्त संचकार (इसार) द्यायच्या आधी सातबारा स्वतः ऑनलाईन काढून इतर हक्काचा रकाना वाचा. आपल्या जिल्ह्यात देवस्थानच्या जमिनी भरपूर आहेत, त्या सहजासहजी विकता येत नाहीत, आणि तरी त्यावर प्लॉट पाडून विकणारे महाभाग आहेत. भोगवटादार वर्ग २, म्हणजे सरकारी परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन, असं लिहिलंय का बघा. "गुंठा आहे, एनए (बिगरशेती) होईल नंतर" हे वाक्य ऐकलं की चहा पिऊन उठा. गुंठा म्हणजे १०८९ स्क्वेअर फूट, त्यातनं रस्ता सोडून तुम्हाला किती मिळणार ते टेप धरून मोजा. उजळाईवाडीकडं असाल तर विमानतळामुळं उंचीची परवानगी लागते, वर मजला चढवायचा विचार असेल तर ते आधीच विचारून घ्या.

आता कुठं घ्यावं. हे माझं मत, भांडायला येऊ नका. कळंबा, साने गुरुजी वसाहत, आपटेनगर ही बाजू मला आवडते, रंकाळा जवळ, शाळा आहेत, पेठेत जायला सोपं, फक्त रेट आता आवाक्यात राहिले नाहीत. आर. के. नगर, मोरेवाडी हवेला एक नंबर, पाण्याचं वर लिहिलंय. उचगाव, सरनोबतवाडी, गोकुळ शिरगाव ही बाजू एमआयडीसीत नोकरी असेल तर चांगली, हायवे हाताशी, पण आई-वडील बरोबर असतील तर त्यांना करमणार नाही, अंबाबाईला रोज जाणाऱ्या माणसाला उचगावात नेऊन बसवलं की तो महिन्यात आजारी पडतो. कसबा बावड्याचं गाव म्हणून काय नाव ठेवायचं नाही, जेवायला बोलवतील, अडचणीला धावून येतील, पण नदीकडच्या बाजूला पूररेषा बघितल्याशिवाय पाऊल टाकू नका. वडणगे, शिये बद्दल मी जास्त बोलत नाही, माझं तिकडं जाणं कमी.

आणि सध्या कुठंही गेलात तरी एजंट हायकोर्टाच्या सर्किट बेंचचं नाव घेणारच. १८ ऑगस्ट २०२५ पासून बेंच सुरू झालं, वकील आले, पक्षकार आले, भाडी वाढली, हे सगळं खरं. शेंडा पार्कात त्याला जागा दिलीय हे पण खरं. पण त्या नावावर शेंडा पार्कपासनं लांब लांबचे प्लॉट पण "बेंचच्या बाजूला" म्हणून खपवायचं चाललंय. गाडीचं मीटर बघा, किती किलोमीटर भरतं.

अंतराचं एक सांगायचं राहिलं. पुण्या-मुंबईच्या माणसाला आपलं सगळं पंधरा मिनिटांवर वाटतं, आणि रविवारी दुपारी असतंच ते. सोमवारी सकाळी साडेनऊला टू व्हीलरवर बसून घर ते ऑफिस स्वतः जाऊन बघा, वाटेत परीख पूल (रेल्वेखालचा, पावसात पाणी साचणारा) असेल तर पाऊस पडून गेल्यावर अजून एकदा जा. नोव्हेंबर ते मार्च ऊस वाहतूक असते, दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर पुढं लागला आणि वर टेपवर गाणी चालू असली की हॉर्न वाजवून काय उपयोग नाही. कारखान्याच्या जवळ घर असेल तर हंगामात वाळत घातलेल्या पांढऱ्या शर्टावर काजळी पडलीच म्हणून समजा. केएमटीची शेवटची बस किती वाजता आहे ते पण बघून ठेवा, पोरं क्लासवरनं कशी येणार हा प्रश्न घर घेतल्यावर सुचतो.

दाजींना हे सगळं सांगितलं, त्यांनी हो हो केलं, वहीत पण लिहून घेतलं म्हणाले. परवा व्हॉट्सअपवर फोटो आला, एजंटबरोबर माळावर गेले होते, मागं डोंगर, ढग, एकदम भारी. खाली लिहिलेलं, "व्ह्यू बघ." मी झूम करून बघितलं, शेजारच्या बंगल्याच्या गच्चीवर पाच टाक्या होत्या आणि गेटसमोर टँकर उभा होता.