दक्षिण अमेरिकेचं हवामान पाठ न करता नकाशावरून कसं ओळखायचं

माझा भाचा ऐरोलीला राहतो, नववीत आहे. परवा गेले तर दक्षिण अमेरिकेचे हवामान प्रदेश वहीत ओळीने लिहून काढलेले आणि पोरगं डोळे मिटून घोकत बसलेलं, बघून वाईट वाटलं खरंच. हे घोकायचं नसतंच, नकाशावरून कळतं. त्याच्याकडून जसं करून घेतलं तसं लिहितेय, घरी मुलं असतील तर बसवा त्यांना.

अ‍ॅटलासमधलं डोंगर-उंची दाखवणारं पान काढा, वर ट्रेसिंग पेपर ठेवा, खंडाची बाहेरची रेघ आणि अँडीज, म्हणजे पश्चिम काठाने गेलेली लांब डोंगररांग, गिरवून घ्या. मग दोन आडव्या रेघा मारा, एक विषुववृत्त, एक ३० अंश दक्षिण. विषुववृत्ताजवळ गरम हे सगळ्यांना माहीत असतं, पण उंची बघायची राहते. ब्राझीलचं बेलेम आणि इक्वेडोरचं क्विटो दोन्ही विषुववृत्ताला चिकटून, बेलेमचं सरासरी तापमान २७ च्या आसपास आणि क्विटोचं जेमतेम १४-१५, कारण क्विटो २८५० मीटरवर आहे. दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंश कमी होतात, तेवढं लक्षात ठेवा, पुरे.

आता वारे, आणि इथे घाई करू नका. मुलं आधी डोंगर बघतात आणि लगेच लिहून टाकतात की पश्चिमेला पाऊस, पूर्वेला पर्जन्यछाया, कारण आपल्या सह्याद्रीचं तसं आहे ना. जुलैत मुरबाडवरून माळशेज चढताना वायपर फुल स्पीडला, पुढच्या गाडीचे नुसते लाल दिवे दिसतात, आणि घाट संपून ओतूरच्या पुढे आलं की बऱ्याचदा रस्ता चक्क कोरडा. पण ते आपला पावसाळी वारा नैऋत्येकडून येतो म्हणून. अँडीजच्या उत्तर भागात वारा अटलांटिकवरून, म्हणजे पूर्वेकडून येतो, वाटेत अ‍ॅमेझॉनचं जंगलही त्याला बाष्प देतं, आणि तो पूर्वेच्या उतारावर चढताना धो धो कोसळतो, पलीकडे पेरूच्या किनाऱ्याला काहीच उरत नाही. खाली ४० अंशांकडे या, तिथे वारा पश्चिमेकडून, म्हणून चिलीची बाजू हिरवीगार आणि पलीकडे अर्जेंटिनातलं पॅटागोनिया रुक्ष. डोंगर तोच, ओली बाजू मात्र पालटली! निळ्या पेन्सिलीने बाण काढायला लावले तेव्हा भाचा म्हणाला, "मावशी, म्हणजे वारा आधी, डोंगर नंतर?" हो रे, हेच तर.

या दोन पट्ट्यांच्या मधल्या, चिलीतल्या सँतियागोला हे पश्चिमेचे वारे फक्त हिवाळ्यात पोचतात, म्हणून तिथला उन्हाळा कोरडा आणि पाऊस जून ते ऑगस्ट, आपल्याकडे छत्र्या निघतात तेव्हाच, फक्त त्यांचा तो थंडीतला.

शेवटी समुद्राचं पाणी बघा, थंड प्रवाहाला निळा आणि गरम प्रवाहाला लाल रंग द्या. पेरूचं लिमा १२ अंश दक्षिणेला, ब्राझीलचं साल्व्हादोर १३ वर, दोन्ही समुद्राकाठी, पण साल्व्हादोरला भरपूर पाऊस आणि लिमाला जवळपास नाहीच. लिमासमोरून हम्बोल्टचा थंड प्रवाह जातो, त्याच्यावरची हवा खालून गार होते, जड होते, वर चढतच नाही, आणि हवा वर चढल्याशिवाय पावसाचे ढग बनणार कसे? त्यामुळे महिनोन् महिने धुकं आणि मळकट आभाळ, पण पाऊस नाही. त्याच किनाऱ्यावर चिलीतल्या आरिकाला ऑक्टोबर १९०३ ते जानेवारी १९१८, तब्बल चौदा वर्षांहून जास्त काळ पाऊस पडला नव्हता. आणि एल निनोच्या वर्षी हेच पाणी तापतं तेव्हा पेरूच्या उत्तरेला वाळवंटात पूर येतात, म्हणजे पाण्याच्या तापमानावर किती अवलंबून आहे बघा.

झालं की गावांची नावं झाका, कुठेही बोट ठेवा आणि मुलांना विचारा, विषुववृत्तापासून किती लांब, किती उंच, वारा कुठून, समोरचं पाणी कसं. उत्तर चुकलं तर बाण परत तपासायला लावा, लगेच सांगून टाकू नका.

भाच्याने दुसऱ्या दिवशी स्वतःहून आफ्रिकेवर कागद ठेवला आणि नैऋत्य किनाऱ्यावर बोट ठेवून फोनवर विचारलं, "इथे पण थंड पाणी आहे का गं?" आहे, बेंग्वेला प्रवाह, म्हणूनच नामिबचं वाळवंट थेट समुद्राला भिडलंय.